मनाला माणसं लागतात, पण कोणती आणि कशी?

पिंपळपान

मन खचलं, झोप उडाली, कशातच रस वाटेनासा झाला की पहिला सल्ला मिळतो तो ‘जरा चार लोकांत मिसळ’ हा. सांगणाऱ्याला खरी कळकळ असते. पण खचलेल्या माणसाला नेमकं तेच सगळ्यात जड जातं, आणि मिसळायचं म्हणजे करायचं काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

विषय किती मोठा आहे ते आता उघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा ग्रासतो, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी थेट एका मंत्र्याकडे दिली.

माझं मत आधीच सांगते. आपल्याला किती जण ओळखतात याला मी फारसं महत्त्व देत नाही. मी एवढंच विचारते : आठवडाभर आपण दिसलो नाही, तर कुणाच्या लक्षात येईल? आणि त्यातलं कुणी विचारपूस करेल का? ज्याला याचं उत्तर ‘हो’ असं देता येतं त्याचं मन कधी आजारी पडणारच नाही असं नाही, पण सावरायला त्याला हात मिळतो.

तुम्हाला कठीण काळात नेमकं कुणी सावरलं? अगदी जवळच्यांनी की तोंडओळखीच्यांनी? बोलून की नुसतं सोबत राहून? माणसांच्या गराड्यातही एकटं वाटलं असेल तर तेही लिहा. सल्ल्यापेक्षा अनुभव हवे आहेत.

रातराणी

फार जिव्हाळ्याचा विषय काढलास ताई. सध्या नुसती वाचतेय, नंतर सवडीने लिहीन.

अबोली

गराड्यातल्या एकटेपणाबद्दल मी लिहिते. बाळ झालं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. प्रत्येक जण बाळाची चौकशी करायचं. बाळ झोपलं का, वजन वाढलं का, रडतंय का. मला कसं वाटतंय हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ‘मला काहीच वाटत नाहीये’ हे सांगायची हिंमत झाली नसती. सगळे आनंदात असताना आपण रडायचं कसं?

मला वाचवलं ते एका मैत्रिणीच्या मैत्रिणीने. तिचंही बाळ तान्हं होतं. आमची धड ओळखही नव्हती. रात्री दूध पाजायला उठली की ती निरोप टाकायची, ‘जागी आहेस का?’ बस, एवढंच. कधी मी उत्तर द्यायचे, कधी नाही. पण त्या वेळी जगात आणखी कुणीतरी जागं आहे आणि तिला माझी आठवण आहे, हे कळायचं. पुढे तिच्याच आग्रहाने मी डॉक्टरांकडे गेले, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं निदान झालं, उपचार झाले. उपचारांनी मी बरी झाले, पण त्या दारापर्यंत मला तिने नेलं.

कोलंबस

अबोलीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मी थोडी आकडेवारी मांडतो, कारण ‘मनाचं काय एवढं’ म्हणणारे अजूनही आहेत. कॅलिफोर्नियातल्या आलमेडा काउंटीत जवळजवळ सात हजार प्रौढांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले : ज्यांना नातीगोती, मित्र, गट यांचा आधार नव्हता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. धूम्रपान, दारू, व्यायाम, आधीची प्रकृती हे सगळं हिशेबात घेऊनही फरक उरला. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लंस्टॅड आणि सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांची, म्हणजे तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

मला सगळ्यात आवडतो तो शेल्डन कोहेन यांचा १९९७ चा प्रयोग. २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना वेगळं ठेवलं. ज्यांच्या आयुष्यात नात्यांचे प्रकार जास्त होते, म्हणजे घरचे, शेजारी, सहकारी, एखाद्या गटातले सोबती वगैरे, त्यांना सर्दी कमी झाली. इथे मोजणी माणसांच्या डोक्यांची नव्हती, नात्यांच्या तऱ्हांची होती, हे पिंपळपानच्या मताला पूरक आहे.

एकांडा_शिलेदार

थोडा विरोध नोंदवतो.

असे आकडे वाचले की लोक माझ्यासारख्यांकडे रोगी म्हणून बघायला लागतात. मी एकटा राहतो, सुट्टीचे दिवस वाचनात घालवतो, समारंभ टाळतो आणि समाधानी आहे. माझ्या बहिणीला मात्र सतत वाटतं की मला काहीतरी झालंय. दर भेटीत ती मला कुठल्या तरी मंडळात ढकलायला बघते. त्या मंडळांमधून परतल्यावर मला जेवढं थकायला होतं तेवढं दिवसभराच्या कामाने होत नाही. माणसं सगळ्यांनाच सारख्या मापाने लागत नाहीत, एवढं तरी मान्य करा.

पिंपळपान

@एकांडा_शिलेदार : पूर्ण मान्य, आणि नोंद आवश्यकच होती. स्वतःहून निवडलेलं एकटेपण कुणाला छळत नाही. हवी तेवढी सोबत मिळत नाही ही जाणीव छळते. ‘हवी तेवढी’ म्हणजे किती हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. पण एक विचारते, राग मानू नका. आठवडाभर दिसला नाहीत तर?

एकांडा_शिलेदार

बहीण दुसऱ्या दिवशी दारात हजर होईल. पुस्तकांची देवाणघेवाण करणारा एक मित्र आहे, तो तिसऱ्या दिवशी. म्हणजे तुमच्या परीक्षेत मी उत्तीर्ण.

टाचणी

हा धागा वाचता वाचता कॉलेजच्या मैत्रिणीला फोन लावला. इतक्या वर्षांनी आवाज ऐकून ती पहिलं वाक्य म्हणाली, “खरं सांग, पैसे हवेत की लग्न ठरलं?” मग तासभर हसत होतो दोघी. धाग्याला माझ्याकडून पूर्ण गुण.

मुक्ता७

मला दुसरी बाजू मांडायची आहे. बोलून मन हलकं होतं असं सगळे म्हणतात. आमचा तिघींचा गट होता, रोज रात्री बोलायचो. तिघींच्याही नोकरीत त्रास होता. तोच साहेब, तेच अपमान, तेच ‘तो असं का म्हणाला असेल’. आमची मैत्री घट्ट होत गेली आणि तिघींचीही झोप उडाली. फोन ठेवल्यावर मला आधीपेक्षा जास्त धडधडायचं.

मग कळलं की यावर संशोधन झालेलं आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हेच दाखवलं : त्याच त्या अडचणीचा दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा कीस काढला की जवळीक वाढते, पण उदासी आणि चिंताही वाढते. आता आम्ही आधी तक्रार ऐकून घेतो आणि मग ‘उद्या काय करणार आहेस?’ एवढं विचारतो. त्यानंतर विषय बदलायचा असा आमचा करार आहे. शिवाय आठवड्यातून एकदा तिघी पोहायला जातो, आणि पाण्यात साहेबाचं नाव काढायला बंदी.

टाचणी

पाण्यात साहेबाला बंदी! हा नियम कार्यालयातही लागू करता आला तर बघा.

मनवेल

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुक्ताताईंचं निरीक्षण फार मोलाचं आहे. बोलणं उपयोगी पडतं ते ऐकणारा विश्वासाचा असेल आणि बोलण्यातून आपण थोडे पुढे सरकत असू तर. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा आघात झाल्यावरही, जिच्याकडे मनातलं सांगायला एक हक्काचं माणूस होतं ती नैराश्यात जाण्याची शक्यता कमी होती. असं एक माणूस असलं तरी फरक पडतो.

शरीरातही हे दिसतं. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. सौम्य विजेचा झटका बसणार अशी सूचना द्यायची. एकदा कुणीच जवळ नाही, एकदा अनोळखी माणसाने हात धरलेला, एकदा नवऱ्याने. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूतले भाग सगळ्यात शांत होते, आणि संसार जितका समाधानाचा तितका परिणाम जास्त. अनोळखी हातानेही थोडा फरक पडलाच. सोबत असली की मेंदू संकटाचा अंदाजच कमी बांधतो.

आता ‘लोकांत मिसळ’ हा सल्ला का फसतो. जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर आयुष्यभर काम केलं. ते म्हणत, भूक लागली की शरीर अन्न मागतं तसा एकाकीपणा हा माणसं मागणारा इशारा आहे. पण तो फार काळ टिकला की मेंदू सावध होतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर नकार शोधायला लागतो. साध्या उशिरा आलेल्या उत्तरातही ‘मी नकोसा झालोय’ असं वाचतो. अशा माणसाला नुसतं गर्दीत नेऊन बसवलं तर तो आणखी जखमी होऊन परततो. २०११ मध्ये कॅसिओपोंच्या गटाने वेगवेगळ्या उपायांची तुलना केली. गाठीभेटी घडवणं, आधार देणं, संवादकौशल्य शिकवणं यांपेक्षा ‘लोकांना मी नको आहे’ हा ग्रह तपासायला शिकवणं जास्त परिणामकारक ठरलं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी माणसं जोडायला सांगत नाही. गेल्या आठवड्यात कुणी तुमच्याशी आपुलकीने वागलं होतं का, ते आठवायला सांगतो. बहुतेकांना काहीतरी आठवतं, आणि आठवल्यावर ते स्वतःच चकित होतात.

रातराणी

मनवेल, शेवटचा परिच्छेद वहीत उतरवून घेतला.

समुद्रपक्षी

पिंपळपानच्या ‘तोंडओळखीच्यांनी की जवळच्यांनी’ या प्रश्नाकडे येते. नव्या शहरात एकटी राहायला गेले तेव्हा मला सावरलं ते तोंडओळखीच्यांनीच. वाचनालयातल्या बाई, ज्या माझं परत केलेलं पुस्तक बघून ‘आवडलं का?’ विचारायच्या. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा. इमारतीचे राखणदार. यांच्यापैकी कुणालाही माझं दुःख माहीत नव्हतं, आणि तेच बरं होतं. त्यांच्यासमोर मी दुःखी बाई नव्हते, फक्त रोज दिसणारी बाई होते.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा विरळ ओळखींची ताकद दाखवली होती, ती प्रामुख्याने नोकरी मिळण्याच्या संदर्भात. पुढे २०१४ मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना आढळलं की ज्या दिवशी माणूस अशा जुजबी ओळखीच्यांशी नेहमीपेक्षा जास्त बोलतो त्या दिवशी तो जास्त आनंदी असतो. मी तर म्हणेन की नव्या जागी आधी याच ओळखी कराव्यात. जिवलग मिळायला वेळ लागतो. तोवर आपलं नाव घेणारी चार माणसं वाटेत भेटली तरी दिवस उभा राहतो.

दीपस्तंभ

पुरुषांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर माझं सगळं ओळखीचं जगच संपलं. तीस-पस्तीस वर्षं ज्यांच्यासोबत रोज होतो ते सगळे कामामुळेच होते. फोन करून ‘मला एकटं वाटतंय’ म्हणणं आमच्या पिढीच्या पुरुषाला शिकवलेलंच नाही. समोरासमोर बसून मनातलं बोला म्हटलं की आमची वाचाच बसते.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात पुरुषांसाठी सामायिक कामशाळा सुरू झाल्या. सुतारकाम, दुरुस्ती, मोडक्या वस्तू पुन्हा उभ्या करणं. त्या आता अनेक देशांत पसरल्यात. त्यांचं सूत्र मला फार पटलं : पुरुष समोरासमोर बसून नाही, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून जुन्या सायकली दुरुस्त करून गरजू मुलांना द्यायला सुरुवात केली. साखळीला तेल घालताना एकाने आपल्या बायकोच्या जाण्याबद्दल जे सांगितलं ते तो खुर्चीत बसून कधीच बोलला नसता. त्याची नजर चाकावर होती, आमचीही.

आणखी एक. सायकल घ्यायला मुलं येणार असतात, म्हणून न जाऊन चालत नाही. आपली कुणाला तरी गरज आहे ही भावना औषधासारखी लागू पडते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

निशिगंध

दीपस्तंभ काका, तुमच्या प्रतिसादाला शंभरदा सहमत.

माझी आई स्मृतिभ्रंशाने आजारी होती. सुरुवातीला सगळे यायचे. हळूहळू येणं थांबलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, काय बोलावं हे त्यांनाही कळत नसेल. ‘काही लागलं तर सांग’ असं प्रत्येकाने म्हटलं. पण ज्याची शक्ती संपलेली असते त्याला काय लागतंय हे सांगायचीही शक्ती नसते.

वरच्या मजल्यावरच्या एका मावशींनी कधीच विचारलं नाही. त्या सरळ यायच्या, “मी इथे तासभर बसून विणकाम करणार आहे, तू कुठेतरी जाऊन ये” म्हणायच्या. मदत करतेय असा आविर्भावही नसायचा, जणू त्यांनाच विणायला जागा हवी होती. निल बोल्गर यांचा २००० मधला एक अभ्यास नंतर वाचनात आला. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदींवरून दिसलं की घेणाऱ्याच्या लक्षातही न आलेली मदत सगळ्यात चांगली लागू पडली. मदत मिळतेय हे जाणवलं की आपण दुबळे आहोत हेही जाणवतं, म्हणून. मावशींना हे कुठल्याही अभ्यासाशिवाय माहीत होतं.

वाकडी_वाट

सगळं छान आहे, पण समाज म्हणजे नुसता आधार नाही हेही लिहा. ‘चार लोक काय म्हणतील’ मधले चार लोक हेच ते समाजवाले. मी ज्या गटात लहानाची मोठी झाले तिथे एकीला विश्वासाने सांगितलं की मला मनोविकारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. महिन्याभरात सगळ्यांना माहीत. लग्नाच्या चर्चेत, भांडणात, सगळीकडे तेच. आजारापेक्षा त्या कुजबुजीने मला जास्त खचवलं. तो गट सोडला तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्यामुळे कुणाला गटात जा म्हणण्याआधी तो गट कसा आहे ते बघा. जिथे रडता येत नाही आणि जिथलं तिथे राहत नाही, त्या गटापेक्षा एकटं बरं.

पिंपळपान

वाकडी_वाट, हे वाचून गप्प बसले होते. माझ्या प्रश्नात मी याची भर घालते : आपण दिसलो नाही तर लक्षात येईल, आणि लक्षात आल्यावर त्याची चर्चा होणार नाही, अशी माणसं.

मनवेल

वाकडी_वाट यांचा मुद्दा आमच्या कामाचा गाभा आहे. गुप्तता नसेल तर आधार टिकत नाही.

झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी आज्यांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसवलं. देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून ही वाट काढली. आजी ऐकते, अनेक अडचणींतली एक निवडायला मदत करते आणि तिच्यावर पुढचं पाऊल त्या माणसालाच ठरवायला लावते. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी आजीशी बोललेल्यांमधली नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बरीच कमी होती. बाकावरच्या बैठका झाल्यावर त्याच अनुभवातून गेलेल्यांच्या गटात बोलावलं जातं. तिथे सगळेच त्या बाकावर बसून आलेले असतात, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आत्महत्येचे विचार येत असतील, खाणंपिणं-झोप कोलमडली असेल, भास होत असतील, तर गट आणि मित्र पुरे पडत नाहीत. तातडीने डॉक्टरांना गाठा. मित्राचं काम त्या वेळी सोबत जाण्याचं आहे.

नवा_पक्षी

इथे पहिल्यांदाच लिहितोय. धागा पहिल्यापासून वाचला. पिंपळपान ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘कुणीच नाही’ असं आहे. दीर्घ आजारपणात मी फोन उचलणं सोडलं, निरोपांना उत्तरं देणं सोडलं. उपचार चालू आहेत, आता बरं आहे. पण मित्रांना आता काय म्हणून तोंड दाखवू? ते सगळे पुढे निघून गेले असतील. ज्याच्याकडे आज कुणीच नाही त्याने सुरुवात कुठून करायची, हे कुणी सांगेल का?

समुद्रपक्षी

नवा_पक्षी, लिहिलंस ते फार बरं केलंस. वाचनालय, बाग, जिथे रोज तीच माणसं त्याच वेळी येतात अशी एक जागा धर. बोलायची सक्ती नाही. नुसतं त्याच वेळी जात राहायचं, ओळख आपोआप होते.

कोलंबस

वेळ लागेल हे गृहीत धर. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागले, जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यामुळे चार भेटींत मैत्री झाली नाही तर त्यात तुझा दोष नाही, तास भरलेले नाहीत एवढंच. आणि गटांचा फायदा साचत जातो. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या २०१३ च्या अभ्यासात, नैराश्य असलेल्या आणि कुठल्याच गटात नसलेल्यांपैकी जे एका गटात गेले त्यांचा नैराश्य परत येण्याचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला, तीन गटांत गेलेल्यांचा ६३ टक्क्यांनी.

दीपस्तंभ

बाळा, तुला हाताने काय करायला आवडतं ते आधी ठरव. माणसं त्या कामापाठोपाठ येतात.

मनवेल

जुन्या मित्रांबद्दल : ते पुढे निघून गेले असतील, हा तुमचा अंदाज आहे. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपण अचानक आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो. मिळणारा आनंद अपेक्षेपेक्षा जास्त असतो, आणि निरोप जितका अनपेक्षित तितका जास्त.

नवा_पक्षी

पण लिहू काय? सगळं सांगायचं म्हटलं तर चार पानं होतील.

मुक्ता७

चार पानं नकोच. ‘बरा नव्हतो, म्हणून गायब होतो. आता ठीक आहे. तुझी आठवण आली.’ खुलासे नंतर, त्याने विचारले तर.

टाचणी

माझ्या अनुभवावरून सुरुवातीलाच ‘पैसे नकोत, लग्नही नाही’ हे जोडावं.

नवा_पक्षी

टाचणी ताई, खूप दिवसांनी हसलो.

एकांडा_शिलेदार

मी एक सुचवतो, कारण मलाही लांबलचक गप्पा झेपत नाहीत. त्याच्याशी जोडलेली एखादी वस्तू धरून लिही. ‘तू दिलेलं ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे, परत द्यायला येऊ का?’ यात भेटीचं कारणही आहे, आणि नाही म्हणायचं असेल तर त्यालाही सोपं जातं.

नवा_पक्षी

पुस्तक नाही, पण एकाचा बुद्धिबळाचा पट आहे माझ्याकडे. दोन प्यादी हरवलीत.

एकांडा_शिलेदार

उत्तम. प्यादी हरवल्याचंही लिही. त्यावर तो गप्प बसणार नाही.

अबोली

आणि उत्तर लगेच आलं नाही तर त्याला नकार समजू नकोस. मीही त्या मैत्रिणीच्या कित्येक निरोपांना उत्तर दिलं नव्हतं, तरी प्रत्येक वाचला होता. आठ-दहा दिवस जाऊ दे, मग दुसऱ्या कुणाला तरी लिही. दोन-तीन नावं आजच कागदावर काढून ठेव, म्हणजे सगळा भार एकाच निरोपावर पडणार नाही. दरम्यान समुद्रपक्षी म्हणते तशी एक जागा धर, आणि काय झालं ते इथे येऊन सांग. मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.